कोपरे जुळवताना

शिवडीच्या एका कापसाच्या गोदामात विजेवरचा काटा बसवायला मला पाठवलं, तेव्हा मी पंचविशीत होतो. राहायला गिरगावात, काम वायरिंगचं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या बंद, परवा चाळीतल्या कोणाच्या तरी अटकेची बातमी.

काटा म्हणजे एक लोखंडी फलाट आणि त्याच्या चार कोपऱ्यांखाली परदेशातून आलेले चार लोडसेल. दिसायला मुठीएवढे पोलादी ठोकळे, आत केसासारखी तार चिकटवलेली. वर कापसाची गाठ ठेवली की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं दबतं, त्याबरोबर तारही दबते आणि तिच्यातली वीज किंचित बदलते. तेवढ्यावर केबिनमधल्या मीटरची सुई हलायची.

पहिले काही दिवस सुई नुसतीच थरथरायची. शेजारच्या माल उचलणाऱ्या यारीची मोटर सुरू झाली की जास्तच. दोन्हींच्या तारा एकाच पाइपातून गेल्या होत्या. मी लोडसेलच्या तारा वेगळ्या पाइपातून घेतल्या, त्यांच्यावरची जाळी एकाच टोकाला जमिनीशी जोडून अर्थ केली. सुई शांत झाली.

आता कोपरे जुळवायचे होते. फलाटावर गाठ कुठेही ठेवली तरी वजन तेच यायला हवं. पण बंदमुळे प्रमाणित वजनांची लॉरी अडकली होती.

हमालांचा मुकादम म्हणाला, "वजनं नाहीत म्हणून बसलात? आम्ही काय कापसाचे हाव काय?"

"तुमचं वजन मला कुठे माहीत आहे?" असं म्हणालो खरा, पण लगेच लक्षात आलं, आत्ता ते माहीत असायची गरजच नव्हती. तीच माणसं चारी कोपऱ्यांवर पाळीपाळीने उभी राहिली आणि सुई दर वेळी एकाच जागी थांबली, की झालं. खरं माप लॉरी आल्यावर लावता आलं असतं.

सात-आठ जण एकमेकांना बिलगून कोपऱ्यात उभे राहिले. "ए, हलू नको रे!" "तूच हलतोस!" हसणं थांबेपर्यंत मी थांबायचो. खाडीकडचा कोपरा कमी दाखवत होता. त्याचा आकडा वर आणता येत नाही. बाकीच्या तीन कोपऱ्यांचा थोडा खाली आणावा लागतो. मी त्यांच्या तारांत जरा जरा रोध घालत गेलो आणि हमाल बिचारे पुन्हा पुन्हा फिरत राहिले. संध्याकाळी चारी कोपरे जुळले.

सगळे उतरले, एक जण तिथेच राहिला. सत्याग्रहात पकडला गेला होता, नुकताच सुटून आलेला. परळच्या चाळीत आईबरोबर राहायचा.

"माझं एकट्याचं सांगा ना," तो म्हणाला. "आई म्हणते, मी वाळलो. मी म्हणतो, तिला तसं वाटतंय."

सुई जेमतेम हलली होती. आकडा सांगून टाकणं सोपं होतं, पण तो खोटा ठरला असता.

"हा गाठींचा काटा आहे. माणसाचं वजन यावर खरं येणार नाही. चल, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत लालबागला."

डॉक्टरांच्या काट्यावर तो उभा राहिला. आकडा बघून त्यांनी त्याला बसवलं. छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"खोकला कधीपासून?"

"आत होतो तेव्हापासून. तिथे सगळेच खोकत होते."

एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग निघाला. क्षय होता, पण वेळेवर सापडला होता. मी त्याला घरी सोडायला गेलो. खोलीत बुद्धाची नवी तसबीर लावली होती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला एवढंच म्हणाली, "मी सांगत होते ना?" मग मला चहा दिला. चहा पिताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

उपचार लांबले. इंजेक्शनं, गोळ्या, अंडी-दूध. त्याच्या जागेवर मुकादमाने दुसरा माणूस घेतला नाही. बाकीच्यांनी त्याच्या वाटणीच्या गाठी आपसांत उचलल्या. तो परत आला तेव्हा त्याला पाठीवर ओझं घ्यायची मनाई होती, म्हणून फाटकावर बसवलं. राज्य झालं त्या सुमाराला त्याचं लग्नही झालं. पंगतीत तो स्वतः वाढत होता, आणि आई मागून ओरडत होती, "अरे, तू आधी जेव!"