ओल शेतातली नव्हती

"शेतातली नाही हो ताई. घराच्या भिंतीत ओल आहे का?"

सीटी स्कॅन बघत डॉक्टरांनी माझ्या बायकोला, मंदाला, विचारलं. मागच्या भेटीत त्यांनी नुसतं "ओल आहे का?" विचारलं होतं. आमची शेती उंद्रीला. मंदा खुशीत म्हणाली होती, "हाव साहेब, यंदा मस्त ओल हाय. हरभरा पान्याबिगर निघते." डॉक्टर हसले आणि त्यांनी दम्याचा पंप लिहून दिला. खोकला गेला नाही. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तिला भरती केलं.

निदान झालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचं. म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशीच्या कणांमुळे फुप्फुसांना आलेली सूज.

"गोळ्यांनी सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. "पण त्याच खोलीत झोपलात तर परत येईल. पुढे फुप्फुसं कडक होतात. ती मग मऊ होत नाहीत."

बुलढाण्यातलं आमचं भाड्याचं घर जुनं. पलंगामागची भिंत काळी पडे आणि घरमालक दिवाळीला तिच्यावर रंग देत. डिस्चार्जनंतर आम्ही मंदाच्या भावाकडे राहिलो. सामान आणायला गेलो, तर घरमालक रंगाचा डबा घेऊन तयार.

"वहिनी, बुलढान्याची हवा खाले लोकं दुरून येतात. तुम्हालेच काऊन दम लागते?"

"हवा चांगलीच हाय भाऊ. भिंत सडली. रंग नका देऊ, प्लास्टर काढा."

"नसन जमत तं दुसरं घर पाहा."

"पाहीन. पन दुसऱ्या कोनाले इथं झोपवाच्या आंधी तुम्ही झोपा. एक पावसाळा."

तोंडावर मास्क होता, आवाज बसलेला होता. ती दारातून हलली नाही. घरमालक डबा घेऊन परत गेले.

आठवडाभराने मिस्त्री आला. भिंत फोडताना बुरशी उडते, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे मंदा त्या दिवशी तिथे नव्हती. प्लास्टर पडलं आणि आत न्हाणीचा फुटका पाइप निघाला. "बाप्पा!" एवढंच घरमालक म्हणाले.

घरात अशी भिंत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. बाहेरगावी गेल्यावर खोकला कमी होतो का, तेही सांगा. आणि रंगाला इलाज समजू नका.

भिंत सुकली. परत राहायला जाण्याआधी स्पायरोमेट्री झाली. नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात, ती तपासणी. भरती असताना मंदाला निम्म्यातच ठसका लागला होता.

"फुंका, फुंका, अजून फुंका," तंत्रज्ञ ओरडत होता. मग म्हणाला, "बस ताई, झालं."

मंदाने हात वर करून त्यालाच थांबवलं आणि फुंकत राहिली.