आईच्या हिरड्या

माझं हसणं छान आहे असं कुणी म्हणालं की मी विषय बदलते. का, ते नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगायला घेतलंय खरं — पण जिवावर आलंय.

माझे दात पुढे होते. चांगलेच पुढे. आनंदनगरला कंपनीत पॅकिंगला जायचे, तिथल्या पोरी चिडवायच्या, ते मी हसण्यावारी न्यायचे. पण बघायला आलेली दोन स्थळं दातांवरून परत गेली, तेव्हा आईनं दूध विकून साठवलेले पैसे काढले. म्हणाली, चल, तारा लावून घेऊ. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. आमच्या बदलापूर गावात तारा लावलेलं मी तरी कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली सिंधी डॉक्टरीण सांगितली. दोघी गेलो.

बाईंनी माझे दात बघितले, खर्च सांगितला. पैसे पुरत होते. तेवढ्यावर उठलोही असतो — पण आई सहज बोलून गेली की भाकरी चावताना तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. बाईंनी तिलाही खुर्चीत बसवलं, आणि मग माझ्याकडे वळून हिंदीत भराभर बोलत सुटल्या. आईचं हिंदी भाजीबाजारापुरतं. ती आपली माझ्या तोंडाकडे बघत पडलेली.

बाई काय म्हणाल्या, मला सगळं आठवतं. हिरड्या दातांपासून सुटल्यात, आत मुळांवर दगडासारखा थर बसलाय. वरवरच्या सफाईनं भागणार नाही. इंजेक्शन देऊन, थोडं थोडं करत, हिरडीच्या खालून खरवडावं लागेल. बऱ्याच खेपा, म्हणून महाग. नंतर थोडे दिवस दात हलल्यासारखे वाटतील, घाबरायचं नाही. पण आत्ता केलं नाही तर आतलं हाड झिजेल आणि धडधाकट दात पडतील. "तुम्हारा रुक सकता है, मम्मी का नहीं."

दोन्हींना पैसे पुरणार नव्हते. आणि मला काय वाटलं, माहितीय? राग आला. आईचा! हिला आत्ताच कशाला तोंड उघडायचं होतं?

बाई हात धुवायला आत गेल्या. आईनं विचारलं, "काय म्हणते गो ती?"

"वयाचं आहे म्हणते," मी म्हणाले. "सफाई केली तर दात हलायला लागतील. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

बघा ना — धड खोटंही नाही. बाईंच्या बोलण्यातला एक तुकडा उचलला, बाकीचं गिळून टाकलं. आईला लगेच पटलं, कारण आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, सफाईनं दात ढिले होतात. वयाचं म्हणे! पंचेचाळिशीही उलटली नव्हती तिची.

नंतर दर महिन्याला तारा आवळायला मी एकटीच जायचे. बाई विचारायच्या, मम्मी क्यों नहीं आती? मी शेतीची कामं सांगायचे. पगारातून हळूहळू करता आलं नसतं का? आलं असतं. पण मग पहिलं खोटं बाहेर पडलं असतं ना. मी घाबरट, दुसरं काय.

माझ्या तारा निघाल्या, लग्न ठरलं. आईचे खालचे दात तोवर हलायला लागले होते. माझ्या लग्नात ती हसली ती तोंडावर पदर धरून. पुढे एकेक करत बरेचसे गेले. भाकरी कालवणात भिजवून, पार लगदा करून खायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून माहेरी जेवायच्या वेळी मी दुसऱ्या खोलीत जायचे.

शेवटी कवळीसाठी मी तिला माझ्या सासरी अंबरनाथला आणलं. इथला डॉक्टर मराठी. तोंड बघून वैतागलाच. इतकी वर्षं कुणी लक्ष कसं दिलं नाही, म्हणाला. आई त्याच्यावर चिडली.

"माजे पोरीनं नेलती मना डॉक्टरकडं. तिला नका बोलू."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. खरं का, म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा काहीच करायला सांगितलं नव्हतं?

नव्हतं, मी म्हणाले.