आक्कांची भट्टी

आक्कांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस नव्हता. डावा हात चारचौघींसारखा, उजवा मात्र तुळतुळीत. निरवांगीला सून म्हणून आले त्या आठवड्यात शेजारच्या आक्का गरम पाव घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझी नजर नेमकी त्या हातावर अडकली. त्यांनी ते टिपलं. म्हणाल्या, "बघतीस काय? रोज भट्टीत घालती मी ह्यो हात." मला वाटलं, नव्या सुनेची फिरकी घेताहेत. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून पाहिलं, तर बाई खरंच भट्टीच्या तोंडात हात घालून उभी! निखारे बाहेर ओढलेले, तळ ओल्या पोत्यानं पुसलेला. चटका सोसेना झाला तर थोडं थांबायचं. हात निवांत राहिला तर पुन्हा लाकडं घालायची. पावाचे पत्रे आत कधी सरकवायचे हे त्यांचा हात ठरवायचा.

भट्टी बांधली होती त्यांच्या मालकांनी. ते बारामतीला एका बेकरीत कामाला होते. बेकरी बंद पडल्यावर गावी आले आणि अंगणात, अगदी रस्त्याच्या वळणाला, विटामातीची घुमटाकार भट्टी उभी केली. ती पुरती वाळली आणि मालक वारले. आक्कांना तोवर फक्त जाळ घालायला येत होतं. पहिले पाव इतके कडक झाले की म्हशीनंही तोंड फिरवलं. ही गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगत. "म्हस शानी निघाली," म्हणत, "पर मी तिच्यापेक्षा हट्टी." आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पीठ मळायला बसल्या. असं करत करत पाव जमले. दिवाळीत तर आळीतल्या बायका आपापलं तूप-पीठ घेऊन नानकटाई भाजायला त्यांच्याच अंगणात रांग लावायच्या.

या सगळ्यात एकच माणूस नाराज होता. आक्कांचे धाकटे दीर, आबा. अंगण दोघांचं सामाईक. आबांची उसानं भरलेली ट्रॉली वळवताना मध्ये भट्टी यायची आणि ट्रॅक्टर तीनतीनदा मागेपुढे करावा लागायचा. "वैनी, ही भट्टी मोडा. पाव काय, दुकानात पुडीत मिळत्यात," असं आबा रोज म्हणायचे. आक्कांचं उत्तरही ठरलेलं. "दुकानातल्या पुडीला तुमच्या भावाचा हात लागलाय व्हय, भावजी?" यावर आबा ट्रॅक्टरचा आवाज वाढवायचे.

एका पावसाळ्यात भट्टीला मोठी भेग गेली. चिकटपणा हवा म्हणून आक्कांनी कुणाकडून तरी साखर कारखान्याची गोडसर, चिकट मळी मागवली आणि ती मातीत कालवून भट्टी लिंपली. उसाच्या मुलखातल्या बाईलाच असली अक्कल सुचायची. लिंपण झालं झकास, पण सकाळी बघते तर काय, भट्टी काळी! तालुक्यातल्या झाडून साऱ्या मुंग्या जेवायला आल्या होत्या. आबांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "मला हात लावायची गरजच न्हाय, मुंग्याच खात्यात!" आक्कांनी खुरपं घेतलं. सगळं लिंपण खरवडून काढलं, म्हशीचं शेण आणि गव्हाचा भुसा घालून नव्यानं माती तुडवली. कंबर धरली होती, तरी मला हात लावू दिला नाही.

शेवटी आबांनी जेसीबी बोलावला. आक्कांना सुगावा लागला असावा, कारण तो आला तेव्हा भट्टी धडधडून पेटलेली. आक्का शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. जेसीबीवाल्यानं आत जाळ आहे हे बघितलं आणि गाडी बंद केली. "पेटती चूल मी मोडणार न्हाय, आबा. इझल्यावर बलवा." आमच्याकडे कुणी कितीही तापट असो, विस्तवावर पाय देत नाही. आबांनीही जेसीबी परत पाठवला. जाताना एवढंच म्हणाले, "थंड झाली की मोडतो, वैनी."

"मग होऊच देत न्हाय थंड," आक्का म्हणाल्या.

आणि खरंच होऊ दिली नाही. पाव काढले की निखारे परत आत लोटायच्या, राखेनं झाकायच्या, सकाळी पुन्हा वेड्या बाभळीची लाकडं. ताप असो, घरात लग्न असो, धग मोडली नाही. हट्ट म्हणा, वेड म्हणा, मला त्या बाईचा अभिमान वाटायचा.

मग आक्का ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला दवाखान्यात नेताना त्यांनी माझा हात धरला आणि "जाळ बघ गं" म्हणाल्या. मी संध्याकाळी लाकडं घेऊन गेले, तर भट्टीपुढे आबा उकिडवे बसून फुंकर मारत होते. डोळे धुरानं लाल.

"आबा, तुमी?"

"मग काय करू?" ते माझ्यावरच खेकसले. "त्यांच्या माघारी इझली तर गाव म्हणंल, आबानं डाव साधला. मोडायची तर वैनींच्या डोळ्यांदेखत मोडीन."

हे दवाखान्यात सांगितलं तर आक्का दुखणं विसरून हसल्या. "लवकर घरी न्या मला. भावजींना जाळ घालायचं कळत न्हाय, समदी लाकडं संपवत्याल." पण त्या घरी आल्या नाहीत. न्युमोनिया झाला आणि दवाखान्यातच गेल्या. मी खूप रडले. सुतकात त्यांच्या घरची चूल पेटली नाही, भट्टीची धग मात्र कायम होती.

आता पाव मी भाजते. बरे होतात, आक्कांसारखे नाही. परवा आबांची ट्रॉली पुन्हा वळणावर अडकली. घामाघूम होऊन ते खाली उतरले, भट्टीकडे बघत उभे राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, आता तर अडवणारं कुणी न्हाय. मोडा की."

आबांनी खाली पडलेलं लाकूड उचललं आणि आत सरकवलं.

"वैनींच्या डोळ्यांदेखत म्हणलो हुतो," ते म्हणाले. "आता कुणाच्या डोळ्यांदेखत मोडू?"