नसीमचा दुसरा भडका

नसीमची बातमी आली तेव्हा मी पारनेरला आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. राहुरीहून तिच्या धाकट्या भावाचा, रफिकभाईंचा फोन. "मॅडम, आपा गेली," एवढंच म्हणाले आणि पलीकडे रडायला लागले. मी म्हणाले, "बरं." बरं! माणूस गेल्याचं ऐकून बरं म्हणणारी मी एकटीच असेन साऱ्या पारनेर तालुक्यात. फोन ठेवला, समोरच्या मुलीवर ब्युरेट सरळ धर म्हणून खेकसले, सगळ्यांचे गुण भरले, पाकीट सील केलं आणि मगच निघाले. राहुरीला पोचले तोवर पुरुषमंडळी कब्रस्तानातून परतत होती. आत बायकांत जाऊन बसले. तिच्या म्हाताऱ्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्हीच सुमनताई ना? लई नाव घ्यायची तुमचं. सुमी हाय म्हनून माजं काम हाय, म्हनायची." ते ऐकलं आणि उठून पळून जावं असं वाटलं. का वाटलं ते सांगायलाच दीड महिन्यानं लिहायला बसलेय.

ती भौतिकशास्त्राची, मी रसायनाची. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मागे एक सामाईक खोली, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. बावीस वर्षं त्या खोलीत आम्ही डबा खाल्ला आणि भांडलो. नसीमचा अभ्यास ताऱ्यांचा, पण बाई रात्री नऊला ढाराढूर. ती ज्या क्ष-किरणांच्या मागे होती ते आपल्या हवेतून खाली पोचतच नाहीत. वर उपग्रह फिरतो, तो मोजतो आणि आकडे पाठवतो. म्हणजे हिची खगोलविद्या सकाळी अकराला, चहा पिता पिता. लोकांना हे पटायचं नाही. ईदच्या आदल्या दिवशी निम्मी राहुरी तिला फोन करून चंद्र दिसणार का विचारायची आणि पारनेरच्या बायका पोरींच्या पत्रिका घेऊन यायच्या. आमचे शिपाई भिकाजीमामा तर रोज दार उघडताना विचारायचे, "मॅडम, तुमचा तारा हाय ना जाग्यावर?" "हाय मामा, कुटं जातोय," ती म्हणायची.

तारा एकच होता. एकाच ताऱ्यावर तिनं उभं आयुष्य काढलं. तो गरागरा फिरतो, इतका की कमरेपाशी त्याचाच वायू बाहेर फेकला जातो आणि भोवती पट्टा होऊन राहतो. त्याला एक जोडीदार आहे, मेलेला तारा, आकारानं एखाद्या शहराएवढा पण वजनानं सूर्यापेक्षा भारी. तो फिरत फिरत त्या पट्ट्यात घुसला की वायू त्याच्यावर कोसळतो आणि क्ष-किरणांचा भडका उडतो. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. नसीमचं म्हणणं असं की पट्टा कललेला आहे, म्हणून जोडीदार एका फेरीत त्यातून दोनदा जात असला पाहिजे. एकदा आत आणि एकदा बाहेर. म्हणजे भडके दोन हवेत. मोठा सगळ्यांनी पाहिलाय, दुसरा कोणी पाहिला नाही, कारण त्या वेळी तिकडे कोणी बघतच नाही. मी म्हणायचे, "अगं, सगळं जग आंधळं आणि तू पारनेरात बसून डोळस?" ती चिडायची नाही. "तू पट्टी घे आणि मोज," म्हणायची.

मोजायचं काम माझं. पट्ट्यातला हायड्रोजन तांबडा चमकतो. जगभरचे हौशी लोक दुर्बिणीतून त्या तांबड्या रेषेचे आलेख काढून सगळ्यांसाठी ठेवतात. रेष उंच तर पट्टा जाड, रेष बुटकी तर पट्टा विरळ. पट्टा जाड असेल त्याच फेरीत दुसरा भडका दिसण्याजोगा होणार, असा तिचा हिशेब. मी आलेख छापून घ्यायचे आणि प्रत्येक रेषेची उंची वहीत लिहायचे. अकरा वर्षं. कुरकुर करतच लिहायचे, पण खरं सांगते, दुसरं कुठलं काम मी इतकं मन लावून केलं नाही. उपग्रहाचा वेळ मागणारा तिचा अर्ज दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. तिनं सांगितलेल्या दिवशी उपग्रह तिकडे वळला आणि दुसरा भडका होता! लहानसा, पण होता. नसीम खुर्चीतून उठली, मला म्हणाली, "सुमे, बघ गं," आणि तोंडावर ओढणी घेऊन हुंदके द्यायला लागली. मामांना वाटलं घरी काही वाईट झालं. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले.

या विद्येत एक रिवाज आहे. ज्यानं वेळ मागितला, त्याच्यासाठी ते आकडे वर्षभर कुलपात राहतात. वर्षानंतर कुलूप निघतं आणि जगात कोणीही ते वापरावेत. म्हणजे वर्षाच्या आत लेख लिहून मोकळं व्हायचं. मी रोज टोचायचे, "उरक गं, उरक!" पण आधी प्रवेश आले, मग कॉलेजच्या मूल्यांकनाची कमिटी आली, मग परीक्षा. आणि ही बाई तीन तीनदा तपासल्याशिवाय ओळ न लिहिणारी. त्यात पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून चार महिने गोळ्या खाल्ल्या. नगरला पोट उघडलं तेव्हा डॉक्टरांनी रफिकभाईंना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की फार उशीर झालाय, थोडेच महिने आहेत. रफिकभाई म्हणाले, "आपाला कळता कामा नये." मी मान हलवली. ती मान हलवायलाच नको होती.

कुलूप निघायला तीन आठवडे राहिले तेव्हा ती राहुरीला भावाच्या घरी अंथरुणावरून मला म्हणाली, "उपग्रहवाले मुदत वाढवून देतात. पत्र लिहावं लागतं, कारण सांगून. तू लिही, माझ्या खात्यातून पाठव. माझ्यानं आत्ता बसवत नाही." पासवर्ड दिला. मी आमच्या त्या खोलीत बसून पत्र लिहिलं. आजारपण लिहिलं, ऑपरेशन लिहिलं. मग वाक्य आलं, की काम पुरं करायला मला इतके महिने लागतील. किती? सहा लिहिले तर खोटं. खरं लिहायचं तर तिच्या नावानं, तिच्या खात्यात, तिचंच मरण लिहायचं... आणि तिनं उघडून वाचलं तर? मी ती जागा कोरी ठेवली. उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत उघडलं, परत मिटलं. असं रोज. तिनं विचारलं, "पाठवलंस?" मी म्हणाले, "हो, केव्हाच." असं बोलून गेले, अगदी सहज. मुदत संपली त्या दिवशी मी कॉपर सल्फेटच्या बाटल्या धुवत बसले होते.

पाच आठवड्यांत परदेशातल्या एका गटाचा लेख आला. त्यांच्याकडे माणसं तयार होती, प्रोग्रॅम तयार होते. तोच तारा, तेच आकडे, तोच दुसरा भडका. आकडे कोणाच्या मागणीवरून घेतले हे त्यांनी रीतसर खाली लिहिलं होतं, एका ओळीत. त्यांची काही चूक नाही, कुलूप नव्हतंच. अकरा वर्षं शेत राखलं आणि कुंपणानंच खाल्लं.

त्या लेखाचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी मी राहुरीला गेले. वाटभर ठरवत होते की आज सांगून टाकायचं. ती उशीला टेकून बसली होती, हातापायांच्या काड्या झालेल्या. तो लेख तिनं लॅपटॉपवर पुरता वाचला होता. म्हणाली, "बरोबर काढलंय गं. पट्ट्याचा कलसुद्धा आपल्याइतकाच येतोय." मी म्हणाले, "नसीम, ते पत्र..." तिनं हात वर केला. "पोचलं नसेल. त्यांच्याकडे ढिगानं पत्रं येतात. तू चहा घे." आणि मी चहा घेतला! बशीत ओतून, फुंकर मारून घेतला. त्यानंतर आठ वेळा गेले, आठही वेळा सांगितलं नाही. मग तो फोन आला.

तिच्या जागी नव्या मॅडम यायच्या आहेत. गेल्या सोमवारी प्राचार्य म्हणाले, कॉम्प्युटर रिकामा करून द्या. मामांनी दार उघडलं. ते चौकटीला टेकून उभे राहिले. तिचं खातं तसंच उघडं राहिलेलं. तिच्या लेखाची फाइल होती, निम्मी लिहिलेली. न पाठवलेल्या पत्रांत माझं पत्र होतं. ते पुसून टाकावं, कोणी बघायला नको, म्हणून मी उघडलं.

कोरी जागा भरलेली होती. इतके महिने लागतील, तिथे तिनं दोनचा आकडा घातला होता. मुळात मरणाचं तिला कोणी सांगायला नकोच होतं, तिचा हिशेब आमच्या डॉक्टरपेक्षा पक्का होता. मी लपवलं ते कोणासाठी मग? तिला नुसतं विचारलं असतं, नसीम, इथं किती लिहू, तर तिनं पडल्या पडल्या सांगितलं असतं आणि पत्र त्याच दिवशी गेलं असतं. खाली तिनं तो बदल केल्याची तारीख होती. ती "पोचलं नसेल" म्हणाली आणि मी चहा घेतला, त्याच्या आदल्या दिवशीची.