ठिपक्यांची कोरफड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. तुला सांगते — मधे बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल.

जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. माझा भाऊ मुंबईला गोदीत होता, त्याने एका खलाशाकडून कोरफडीचं रोप आणलेलं. आपली साधी नव्हे — पानांवर पांढरे ठिपके, काठ लालसर. अख्ख्या मुरबाडात तशी दुसरी नाही, असं मीच सगळ्यांना सांगायची. फुटक्या माठाच्या बुडात नदीची वाळू नि खापऱ्या घालून ती लावली. पाणी अगदी बेताने. पावसाचे चार महिने पडवीत, नाहीतर कुजायची. पाच वर्षं जपली, तेव्हा कुठे फुलाचा दांडा वर आला. हसू नकोस — माझ्याकडे मिरवायला दुसरं होतं काय?

आणि त्याच दिवसांत शेजारच्या बायजाचा हात भाजला. पेज गाळताना भांडं कलंडलं. तिची सासू धावत आली, "एक पान दे गो, पोर तळमळते."

मी दांड्याकडे बघितलं. पानं तरी किती? सात. आणि म्हणाले — "ही औषधाची नाय गो. विखारी हाय. हात सडंल."

म्हातारीने विश्वास ठेवला. बायजाचा सासरा साध्या कोरफडीसाठी ओढ्यापलीकडे गेला, परत येईस्तोवर दुपार कलली. भिंतीपलीकडून बायजाचं कण्हणं मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. तिची दोन बोटं आखडली ती कायमची. पान दिलं असतं तर सुटली असती का? कोण जाणे. पण तेव्हा मी तेवढा विचार केलाच नव्हता — मला फूल हवं होतं. फुललंही, शेंदरी.

लढाई संपली त्या साली माझी धाकटी रांगत कुंडीपाशी गेली, पान मुठीत धरलं. मी चुलीपाशी होते. बायजा आपल्या अंगणात पाखडत होती, सूप टाकून धावली. आखडल्या बोटांनी तिने पोरीची मूठ सोडवली, तोंडात काही गेलं का पाहिलं, हात तीनतीनदा धुतले. "जीव गेला असता गो," म्हणाली, नि मलाच धरून रडली.

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणाले, "बरी धावलीस, बायजा."

कोरफड अजून आहे, बाजूला पिलं फुटलीत. बायजा आमच्या ओट्यावर आली की आधी लेकरांना कुंडीपासून लांब करते. मी बघत असते.