भुऱ्याच्या पायात राणीची चरबी

जनावरांच्या दवाखान्यात माणसाला काहीच काम नसतं. कुत्रं मांडीवर, पिशवी पायाशी, नंबर कधी लागेल ते कंपाउंडर शिवप्पाअण्णालाच ठाऊक. मग शेजारची बाई विचारते, "ह्याला काय झालंय?" आपण आपलं सांगतो, ती तिचं सांगते. घरी येईपर्यंत किस्से जमलेले असतात. भुऱ्याच्या पायापायी माझ्या बिदरला इतक्या खेपा झाल्या, की आता गल्लीतल्या बायका संध्याकाळी मलाच गाठतात. "सांग गं सुनीता, आज काय झालं?"

आधी पायाचं सांगते. आमचं गाव संतपूरच्या बाजूला. गावाच्या टोकाला आमची बौद्धांची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी आमचं घर, समोर डांबरी रस्ता. माझी अनू चार वर्षांची. एकदा ती रस्त्यावर पळाली, तिच्यामागं भुऱ्या पळाला आणि जीप आली. अनूला खरचटलंसुद्धा नाही. भुऱ्याचा मागचा पाय मोडला. बिदरला नेऊन आत सळई बसवली, तरी हाड जुळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक उपाय राहिलाय. तो लागू पडला नाही तर पाय काढावा लागेल.

अनू मला म्हणाली, "आई, माझ्यामुळं मोडला व्हय?"

मी "न्हाई" म्हणाले. पण तीन पायांचं कुत्रं रोज दारात दिसलं, तर पोरगी मोठी होईपर्यंत हेच विचारत राहील, ही भीती माझ्या मनात बसली ती बसलीच.

* * *

आमच्याकडं सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. अनू लहान, तिलाही नाही. कंडक्टरनं भुऱ्याकडं बघितलं.

"ह्याचं तिकीट काढावं लागतंय अक्का."

मी म्हणाले, "भाऊ, आमी दोघी फुकट आणि ह्या लंगड्याला कामून तिकीट?"

कंडक्टरनं वाकून नीट बघितलं. म्हणाला, "गडी हाय. कुत्री असती तर साहेबाला विचारलं असतं."

भुऱ्याचं तिकीट फाडलं. आपल्याला तिकीट का नाही म्हणून अनू बिदरपर्यंत रडली. शेवटी भुऱ्याचं तिकीट तिच्या हातात दिलं, तेव्हा गप्प बसली. उतरताना कंडक्टर म्हणाला, "आता कुत्रं बिगरतिकीट झालं."

* * *

माझा स्वभाव काळजीचा. अनू दोनदा खोकली की मला झोप नाही. डॉक्टरीणबाई भुऱ्याच्या छातीला नळी लावत होत्या, तेवढ्यात मी अनूला पुढं केलं.

"मॅडम, हिचंबी जरा बघा. खोकायलीय."

"अक्का, मी कुत्र्याची डॉक्टर."

"नळी तर तीच हाय की."

डॉक्टरीणबाई तिकडं हुबळीकडच्या, मराठी आमच्यातच शिकलेल्या. हसल्या आणि लावली नळी. म्हणाल्या, "छाती साफ आहे. पण औषध माझं देऊ नका, भुंकायला लागेल."

हे रांगेत बसलेल्या शेळीवाल्या म्हातारीनं बघितलं. ती लगेच उठली आणि नवऱ्याला दंडाला धरून आत आणलं. "आमच्या ह्यांचा गुडघा बघता का? शेळीचं मागून बघा, ती थांबती."

* * *

उपाय असा होता. कुत्र्याच्या अंगातली थोडी चरबी काढायची. तिच्यात स्टेम सेल नावाच्या पेशी असतात. त्या लॅबमध्ये वाढवायच्या आणि मोडल्या जागी सुईनं सोडायच्या. तिथं हाड धरायला त्या मदत करतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "होईलच असं नाही अक्का. करून बघायचं."

मग भुऱ्याच्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याला चरबी इल्ला. नुसती कातडी."

म्हणजे पोर अशक्त आहे, एवढंच मला ऐकू आलं. घरी आल्यापासून मी सुरू केलं. तेलात चुरलेली भाकरी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचा कूट. भुऱ्याला जुलाब लागले. राहिलेली अंडी टाकून कशी द्यायची, म्हणून मी खाल्ली.

पुढच्या खेपेला शिवप्पाअण्णानं त्याला काट्यावर उभं केलं. वजन आणखी उतरलेलं. अण्णानं काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अक्का, कुत्रं वाळलंय. तुमी मात्र सुधारलाव."

* * *

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या निरोगी कुत्र्याची चरबीही चालते. आणि त्याच आठवड्यात आमच्याच गावच्या पाटलीणबाई त्यांची राणी घेऊन आल्या. पिल्लं बंद करायचं ऑपरेशन होतं. राणी लॅब्राडोर, चालताना पोट हलणारी. शिवप्पाअण्णा माझ्या कानात म्हणाला, "अक्का, गोदामच आलंय."

पाटलीणबाईंच्या रानात मी खुरपायला जाते. ओळख आहे, पण ती बांधावरची. आमच्या गल्लीत त्या कधी आलेल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, "ऑपरेशनमध्ये थोडी चरबी निघते. एका कुत्र्याच्या पायासाठी दिली तर चालेल का?"

"कुणाच्या कुत्र्याच्या?"

"तुमच्याच गावच्या. ह्या अक्कांच्या."

पाटलीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग भुऱ्याकडं, मग अनूकडं. अनू भुऱ्याचा कान धरून बसली होती. मी मान खाली घातली. नाही म्हणाल्या असत्या तर मी काय बोलणार होते?

"घ्या," त्या म्हणाल्या. "न्हाईतरी टाकूनच द्यायची."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या, मान वर केली नाही.

"जन्मभर त्यांच्या रानात राबून माझी चरबी गेली," त्या म्हणाल्या. "थोडी माघारी यायलीय, येऊ दे."

* * *

पेशी वाढायला काही आठवडे लागले. मग एक दिवस भुऱ्याला गुंगी देऊन सुई सोडली. सासूबाई सोबत आल्या होत्या. इंजेक्शननं हाड कसं जुळणार, हे त्यांच्या गळी उतरेना. शेवटी शिवप्पाअण्णा म्हणाला, "अव्वा, दुधात विरजण लावताव न्हवं? तसंच हाय. विरजण टाकलंय, आता जमू द्या."

एवढं सांगितलं आणि घोटाळा झाला. घरी आल्या आल्या सासूबाईंनी भुऱ्याला चुलीजवळच्या उबेला नेलं, वरून गोधडी घातली आणि सगळ्यांना दम दिला, "कुणी हलवायचं न्हाई. मोडंल." माझा नवरा कामावरून आला, त्यानं सवयीनं भुऱ्याला हाक मारली, तर त्याला शिव्या बसल्या. अनू कुजबुजत बोलायला लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुत्र्याला इतकं शांत कुणीच ठेवत नाही. कसं जमलं?"

सासूबाई म्हणाल्या, "थंडीचे दिवस हाईत मॅडम. आमी घाई करत न्हाव."

* * *

एक्स-रेत भेगेच्या जागी पांढरं धरलं होतं. डॉक्टरीणबाई खूश. पण भुऱ्या काही पाय टेकवेना. तीन पायांवर उड्या मारत अंगणात जायचा आणि परत येऊन पडायचा. सवय लागली असेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टेकवायला शिकवा. आम्ही सगळं केलं. अनू त्याच्यासमोर स्वतः दोन हात-दोन पायांवर चालून दाखवायची. मी तिला बघायचे आणि आत जायचे.

एक दिवस दुपारी गल्लीत एकदम गप्पगप्प झालं. बघते तर पाटलीणबाई. हातात साखळी, साखळीला राणी.

दारासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या राणीचं जुळलं का ते बघायला आले."

मी म्हणाले, "जुळलंय म्हणतेत. पण टेकवंना."

"कामून?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मोठ्या घरचं हाय. इथल्या मातीत टेकवायला लाजत असंल."

तेवढ्यात राणीनं साखळीला हिसडा दिला, सरळ आमच्या ओट्यावर चढली आणि भुऱ्याच्या पाण्याच्या भांड्यात तोंड घातलं. लपालपा प्यायला लागली.

भुऱ्या उठला. गुरगुरत, केस उभे करत तिच्या अंगावर गेला. राणी हटेना, हाही हटेना. दोघं भांड्यावरून एकमेकांना ढकलायला लागली.

"आई," अनू म्हणाली, "चारीबी."

मी बघितलं. चारही पाय फरशीवर, मागचा पाय जोर लावून रोवलेला. मी उंबऱ्यावर बसले. पाटलीणबाईही ओट्याच्या कडेला बसल्या. ऊन होतं, चालून आल्या होत्या. राणीनं भांडं रिकामं केलं तरी त्या उठल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि सासूबाईंना म्हणाल्या,

"मलाबी द्या की घोटभर पाणी."

सासूबाईंनी रिकाम्या भांड्याकडं बघितलं.

"भुऱ्याचं तर संपलं," त्या म्हणाल्या. "आमच्या माठातलं चालंल का?"