मुळशीकरांचं स्टुटगार्ट

परदेशात चार मराठी माणसं जमली की आधी जेवणावर तुटून पडतात. मग कुठल्या दुकानात हळद मिळते, कुणाला बढती मिळाली, असलं काहीबाही बोलतात. आणि ताटावर हात वाळले की किस्से सुरू! हे किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही. फडताळात रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात.

आमच्याकडं जमणारी माणसं तरी किती? मी, आमचे हे, आणि देशपांडे. देशपांडे सदाशिव पेठेतले. लग्न झालेलं नाही, यांच्याच कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे, आणि रविवारी जेवायला आमच्याकडं. मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावजी. चौथी आमची घरमालकीण, फ्राऊ क्रूगर. खालच्या मजल्यावर एकटी राहायची. मी तिला आजी म्हणायचे. तिला अर्थ सांगितला तेव्हा लाजली, पण हाक मारली की ओ द्यायची.

साठ सालाच्या आगेमागेचं सांगतेय.

*

निघालो तेव्हा अख्खी करंजवाडी पौडच्या यष्टी स्टँडावर आली होती. यांच्या पुण्यातल्या कारखान्यात जर्मनीहून मशीनं आली, ती बसवायला आलेल्या साहेबाला यांचा हात आवडला, आणि त्यानं यांना तिकडं बोलावून घेतलं. वाडीला याचं लई कौतुक. सासूबाईंना मात्र एकच घोर.

"तितं भात हाय का रं?"

"कमी आहे आई. तिकडं बटाटा खातात."

"रोज?"

"रोज. दोन्ही वेळेला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजी बारा महिनं उपासच की! लई देवभक्त दिसत्यात."

सगळा स्टँड हसला. मीही हसले. यष्टी पिरंगुटच्या घाटाला लागली तेव्हा मात्र मला रडू आवरेना. हे म्हणाले, "अगं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. दोन म्हणजे दोनच."

दोनाची तीन झाली, तिनाची चार झाली. दर वेळी यांचं एकच पालुपद, "एवढं एक वर्ष काढू." मला घरी जायचं होतं. मी ते कधी लपवून ठेवलं नाही. पण यांच्या मनात काय आहे, ते मला कळेना. हा माणूस गावाचं नावच काढायचा नाही. तिथल्याच बूट-कोटात असा काही रुळला होता, की मला वाटायचं, गेला आपला नवरा. समोर बसलाय, पण गेला.

*

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं. देशपांडे सोबतीला आले होते. टेबलामागचा माणूस सज्जन होता, पण नियमाचा पक्का. ज्याचं नाव नोंदवायचं त्यानं स्वतःच्या तोंडानं उत्तरं द्यायची.

माझं नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि हे माझ्याकडं बघायला लागले.

"तुझ्या नवऱ्याचं नाव विचारतोय."

नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घ्यायचं? आणि तेही नवरा शेजारी उभा असताना?

तो माणूस एकदा माझ्याकडं बघतो, एकदा यांच्याकडं. बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानं पेन खाली ठेवलं. यांच्या कपाळाला घाम. देशपांडे माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, घ्या नाव. इथं चालतं."

म्हटलं, इथं चालत असेल, मला चालायला नको? शेवटी पदर सावरला, आणि घेतलं बाई एकदाचं:

"भाताच्या खाचरात गुडघाभर गारा,
नामदेवरावांच्या पाठी आले परक्यांच्या दारा."

देशपांड्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबलामागच्या माणसानं कागदावरची जागा बोटानं मोजली. मग म्हणाला, "एवढं लांब नाव या रकान्यात बसणार नाही."

*

त्या गावात घराचा जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर आठवडाभर लाकडी पाटी लटकते. पाटी लागली की झाडलंच पाहिजे, मग तुम्ही मोठे साहेब का असेना. मला हे फार आवडलं. म्हटलं, चला, आपल्याला येणारं एक तरी काम या देशात आहे.

आमची पहिली पाळी आली जानेवारीत. मी पहाटे उठून जिना झाडला, दार झाडलं, आणि झाडल्यावर काय करायचं असतं? सडा घातला. शेण नव्हतं, म्हणून नुसतं पाणी. चांगलं बादलीभर.

हे कामावर निघाले. दार उघडलं, एक पाऊल टाकलं, आणि थेट रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाला मिठी. सड्याचा बर्फ झाला होता.

आवाज ऐकून आजी बाहेर आली. मला वाटलं, आता घर सोडायला सांगते. ती आत गेली, शेगडीची राख बादलीत घेऊन आली आणि न बोलता बर्फावर पसरली. चांगली पांढरट, मऊ राख. आता समोर असं अंगण दिसल्यावर कुणाला राहवेल? मी खाली बसले आणि बोटानं राखेत कमळ काढलं. काढता काढता इतकी घरची आठवण आली, की डोळ्यांतलं पाणी पुसायलाही सुचेना.

आजी बघत राहिली. मग दिवसभर ती दारात उभी. पोस्टमन आला, दूधवाला आला, ती प्रत्येकाला हात करून सांगायची, "कडेनं जा, कडेनं."

*

देशपांड्यांना पुण्याचा भारी अभिमान. कुणी जर्मन माणूस भेटला, की स्वतःची ओळख "पुण्याचा" आणि आमची "पुण्याजवळचे". मला ते "जवळचे" फार लागायचं.

एकदा यांच्या फोरमनची बायको चहाला आली. देशपांड्यांनी ओळख करून दिली. "मी पुण्याचा. हे पुण्याजवळच्या खेड्यातले."

ती म्हणाली, "अच्छा. आणि पुणं कुठं आलं?"

देशपांडे म्हणाले, "मुंबईजवळ."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "असू दे भावजी. जवळच्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं."

*

एकदा गावाकडून ओळखीचा एक जण येणार होता, त्याच्यासोबत सासूबाईंनी आंबेमोहराची पुरचुंडी पाठवली. घरच्या खाचरातला तांदूळ. रविवारपर्यंत मी तो नुसता हुंगत राहिले. रविवारी भात शिजायला ठेवला आणि वासानं जिना भरून गेला. देशपांडे खालूनच ओरडत आले, "वहिनी, हा वास इथं कसा?" आजीही वर आली. तिला वाटलं मी केक भाजतेय.

देशपांडे जेवताना बोललेच नाहीत. सदाशिव पेठेतला माणूस आणि बोलत नाही, म्हणजे बघा. शेवटी म्हणाले, "वहिनी, आई गेल्यापासून असा भात खाल्ला नव्हता."

मी यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. हे म्हणाले, "भात काय, सगळा सारखाच."

मी उठले, उरलेला सगळा भात देशपांड्यांच्या पानात वाढला आणि यांच्यापुढं उकडलेले बटाटे ठेवले. सोमवारपर्यंत बोलले नाही. आजही मला तो राग आठवतो. राग कसला, भीतीच होती ती.

*

आजीचं गाव पूर्वेला, दूर. लढाई संपली तेव्हा तिला रातोरात तिथून निघावं लागलं. आता तिथं दुसऱ्याच देशाचं राज्य, आणि तिच्या घरात दुसरीच माणसं. हे तिनं मला तोडून तोडून, सोप्या जर्मनमध्ये सांगितलं, मला कळावं म्हणून. कॉफी गार होऊन गेली.

मी म्हटलं, "माझ्या आईचंही गाव गेलं. मुळशीचं धरण झालं, त्यात बुडालं. आई तेव्हा एवढीशी होती."

"म्हणजे आता नुसतं पाणी?"

"पाणीच. पण मे महिन्यात धरण आटलं की देवळाचा कळस वर येतो. विहिरीचा काठ दिसतो. आई आम्हाला काठावर नेऊन दाखवायची, हितं आमचं खळं होतं, हितं गोठा होता. मग पाऊस लागला की परत सगळं खाली."

आजीनं गार कॉफीत उगाच चमचा फिरवला. मग म्हणाली, "दर वर्षी दिसतं?"

"दर वर्षी."

"नशीबवान आहे तुझी आई," ती म्हणाली.

*

चौथ्या वर्षी कारखान्याच्या मोठ्या साहेबानं यांना केबिनमध्ये बोलावलं. कायमची नोकरी. वर नव्या इमारतीत फ्लॅट, न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ. ईस्टरच्या सुट्टीनंतर मंगळवारी उत्तर द्यायचं.

हे घरी येऊन मला सांगत होते आणि मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला.

"मग काय म्हणालात?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"काय विचार आहे?"

"बघू."

हे "बघू" म्हणजे काय, ते लग्न झालेल्या बाईला विचारा. मी ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. मी रडले, भांडले आणि हे माझ्यासाठी परत आले, तर जन्मभर मला ऐकवतील. आणि नाही आले तर? तर सासूबाई त्या वाडीत वाट बघून बघून जायच्या, आणि मी इथं न्हाणीघरात गरम पाण्यानं आंघोळ करत बसायची. देशपांड्यांनीही खोदून विचारलं. यांनी त्यांनाही "बघू"च ऐकवलं.

*

आजीची गावाबाहेर टेकडीवर एक बाग होती. तिथं अशी पद्धतच आहे. शहरातली माणसं छोटे छोटे तुकडे घेतात, फुलं लावतात, भाजी लावतात, आणि तुकड्यातुकड्याला कुंपण. नियम तर इतके, की झुडूप किती वाढवायचं त्याचाही नियम! आजीचे गुडघे धरले होते, म्हणून ती यांना म्हणाली, "या वर्षी तूच बघ. थोडी माती तयार कर, बटाटे लावू."

ईस्टरच्या सुट्टीतला शनिवार. हे सकाळीच बागेत गेले. दुपारी मी डबा घेऊन निघाले, देशपांडेही बरोबर होते. टेकडीला वळसा घातला आणि समोर बघतो, तर धूर! आणि त्या धुरात लाल रंगाचा बंब.

आम्ही पळतच वर गेलो. कुंपणापलीकडं शेजारपाजारचे बागवाले जमलेले. कुणाच्या हातात झारी, कुणाच्या हातात बादली. एक म्हातारा रागानं लालबुंद. बंबवाले पाइप घेऊन तयार उभे. वहीत लिहून घेणारा एक पोलीस. आणि मधोमध आमचे हे. बूट-मोजे काढलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लांब काठी, आणि धुमसती जमीन एका कडेनं सारखी करत चाललेले.

मला लांबूनच कळलं. यांनी राब भाजला होता.

आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात जमीन भाजून घेतात. खाली शेण, त्यावर पाला-पाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वारा बघून कडेला पेटवायचं. यांनी द्राक्षांच्या मळ्यांतल्या छाटलेल्या काड्या टेकडीभर फिरून गोळा केल्या होत्या. कुठून तरी घोड्याची लीद आणली होती. थर असे नीट लावले होते, की सासूबाईंनीही नावं ठेवली नसती. आणि पेरायला भाताचं बी? एक दाणा नव्हता. तिथं भात उगवतही नाही.

देशपांडे पोलिसाशी बोलायला पुढं झाले. "साहेब, गैरसमज झालाय, हे माझे मित्र..."

पोलीस म्हणाला, "त्यांनाच बोलू द्या. तुम्ही हे काय करताय?"

पुण्यातल्या कारखान्यात लागल्यापासून हे आईशी, माझ्याशीसुद्धा देशपांड्यांसारखं बोलायचे. त्या पोलिसाला यांनी मात्र आमच्या वाडीच्या भाषेत उत्तर दिलं. काठीवरून नजरही न उचलता. "आता न्हाई भाजलं, तर रोप कवा टाकायचं?"

पोलिसाला कळलं नाही. देशपांड्यांना कळलं, पण त्यांना जर्मनमध्ये सांगता येईना. आजीही तोवर कशीबशी चढून आली होती. तिनं धूर बघितला, यांचे काळे झालेले पाय बघितले, आणि त्या लालबुंद म्हाताऱ्याचा हात धरून त्याला गप्प केलं.

पोलीस सभ्य होता. त्यानं वहीचं पान उलटलं. "नाव?"

"नामदेव शिंदे."

"पत्ता?"

यांनी काठी जमिनीत रोवली. धुरानं डोळे लाल झाले होते, का कशानं, मी विचारलं नाही.

"मुक्काम पोस्ट करंजवाडी," हे म्हणाले, "तालुका मुळशी, जिल्हा पुणे."

पोलिसानं मान वर करून बघितलं आणि परत लिहायला लागला. देशपांडे गडबडीनं दुरुस्त करायला पुढं सरकले. मी त्यांची बाही धरली.

"राहू द्या भावजी," म्हटलं. "लिहू दे त्याला."